रविवारी काम करायला ना नाही, पण आठवड्यातून एक सुट्टी तरी द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी जळगावात एका कुरियरच्या हबवर पार्सल वाटायचं काम करतो, पाच वर्ष होऊन गेली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण आयडी ब्लॉक व्हायला एक मिनिट लागतो, आणि दुसरं म्हणजे धुळे, भुसावळ, चाळीसगावची पोरं भेटतात तेव्हा कंपनी वेगळी असली तरी तेच सांगतात. विषय रविवारचा आहे. आधी आम्हाला दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये दोन तीन रविवार यावं लागायचं, त्याचं कोणाला काही वाटायचं नाही, सीझन आहे, चार पैसे जास्त भेटतात, पोरं स्वतःहून यायची. मग वर्षभरापूर्वी एका गुरुवारी रात्री साडेदहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला, या रविवारपासून सातही दिवस ऑपरेशन चालू राहील, सगळ्यांचं रिपोर्टिंग साडेआठला. कोणाला विचारलं नाही, कोणाची मीटिंग घेतली नाही. खाली चौदा जणांनी अंगठे टाकले, त्यात माझाही होता, आणि तेव्हापासून आमच्याकडे सुट्टी नावाचा वार राहिला नाही.

सुरवातीला सांगितलं की रविवारी पार्सलमागे ३ रुपये जास्त मिळतील. ते दोन महिने मिळाले, मग एका पेमेंटमध्ये दिसले नाहीत, विचारलं तर म्हणे ती ऑफर होती, संपली.

आता लोकांना वाटतं की एक दिवस जास्त काम म्हणजे एक दिवसाचा पैसा जास्त, मग रडता कशाला. साहेब मी माझा हिशोब वहीत लिहून ठेवतो म्हणून आकडे सांगतो. मला पार्सलमागे १४ रुपये मिळतात. रविवार बंद असायचा तेव्हा सोमवारी ११० च्या आसपास पार्सल यायचे, कारण दोन दिवसांचा माल साचलेला असायचा, आणि बाकीचे पाच दिवस ७४-७५. म्हणजे आठवड्याचे ४८० धरा, ६,७२० रुपये. आता रविवारी ५५ येतात, सोमवारी ६५ येतात आणि बाकी दिवस ७५. आठवड्याचे ४९५, म्हणजे ६,९३० रुपये. फरक किती, २१० रुपये. रविवारी माझी गाडी ६० किलोमीटर फिरते, पेट्रोल १०५ च्या आसपास आहे, १४० रुपये तिथंच गेले. राहिले ७० रुपये. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा-सात वाजेपर्यंत उन्हातान्हात फिरायचे ७० रुपये, आणि त्याच्यात टायर, ऑइल, चहा काहीच धरलेलं नाही. माल तेवढाच आहे, लोकांनी काही रविवार सुरू झाला म्हणून जास्त चादरी आणि जास्त मोबाईल कव्हर मागवले नाहीत, सोमवारचा लोड फक्त फोडून रविवारवर टाकला. मला हे कळायला सहा महिने लागले, कारण रोज रात्री अंगात इतकी ताकदच नसते की वही उघडून मागच्या वर्षीचं आणि आताचं शेजारी ठेवून बघावं.

टीएलला, म्हणजे आमच्या टीम लीडरला, विचारलं तर तो म्हणतो रविवार ऐच्छिक आहे, तुम्ही पार्टनर आहात, यायचं तर या नाहीतर नका येऊ. मी टीएलला वाईट म्हणत नाही, तोही पगारी माणूस आहे, त्याच्यावरही वरून फोन येतात, आणि तोही रविवारी हबवरच असतो. पण ऐच्छिक कसं असतं ते सांगतो. जो रविवारी येत नाही त्याला सोमवारी सकाळी रनशीट, म्हणजे दिवसभराच्या पार्सलची यादी, मिळते त्यात त्याचा रोजचा रूट अर्धाच असतो, बाकीचे पार्सल तीन दिशांना, एक पिंप्राळ्याला, एक मेहरुणला, दोन एमआयडीसीच्या आत, ज्याच्यात ३० पार्सल वाटायलाच दुपार होते. वर मागच्या दोन दिवसांचे डोअर लॉकवाले, कस्टमर फोन उचलत नाही वाले सगळे रिटर्न त्याच्याच बॅगेत. दोन वेळा असं झालं की माणूस तिसऱ्या रविवारी गपचूप येतो.

बरं रविवारी माल वाटून तरी होतो का? घरचे पत्ते होतात, मान्य आहे, माणसं घरी भेटतात. पण सिस्टिम वार बघत नाही ना. जिल्हापेठेतल्या ऑफिसचे, बँकेचे, वकिलाच्या चेंबरचे पार्सल रविवारी लोडमध्ये असतात. तिथं जायचं, शटरचा फोटो काढायचा, रिमार्क टाकायचा, परत आणायचं. त्याचे ० रुपये. न जाता रिमार्क टाकला तर फेक रिमार्क म्हणून दंड. एका रविवारी माझे ५५ पैकी ११ असे बंद ऑफिसचे होते.

कॅशचं तर कोणी बोलतच नाही. आमच्याकडे अजून बरेच लोक सीओडीच, म्हणजे पार्सल हातात आल्यावर पैसे देऊनच, घेतात, खेड्यावरून आलेले तर जास्तच. शनिवार-रविवारची कॅश जमा होते, रविवारी बँक बंद, आणि दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तर शनिवारपण बंद. हबवर एक तिजोरी आहे, ती भरली की टीएल म्हणतो आजची कॅश तुझ्याजवळच राहू दे, सोमवारी टॅली करू. मग मी २० हजार रुपये शर्टाच्या आत घालून भाड्याच्या खोलीवर जातो, बायको उशीखाली ठेवते, रात्रीतून दोन वेळा उठून बघते. शंभराची एक नोट कमी भरली तर शॉर्टेज माझ्या पेमेंटमधून. रविवार चालू करताना या कॅशचा विचार कोणी केला होता का, हे मला खरंच विचारायचं आहे.

आमच्या हबवर चौदा जणांत चार पोरं पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. पहाटे सागर पार्कवर पळतात आणि साडेआठला हबवर येतात. खान्देशात ही काय नवीन गोष्ट नाही, कुठल्याही तालुक्याला जा, दर दहा घरामागे एक पोरगा भरतीची वाट बघत असतो आणि तोपर्यंत डिलिव्हरी करतो. यांच्या परीक्षा, क्लासच्या टेस्ट जास्त करून रविवारीच असतात. एकानं मागच्या वेळी फॉर्म भरला, फी भरली आणि परीक्षेलाच गेला नाही, कारण त्याआधीचे दोन रविवार त्यानं दांडी मारली होती आणि तिसऱ्याची हिंमत झाली नाही. त्यानं हे कोणाला घरी सांगितलेलं नाही, म्हणून मीपण इथं जास्त लिहीत नाही.

आता माझं सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरचा पहिला रविवार आमच्याकडे कानबाई देवीच्या सणाचा असतो. तुमचा पेपर पुण्या-मुंबईलाही जातो म्हणून सांगतो की खान्देशी माणसाला दिवाळीला घरी नाही गेलं तरी चालतं पण कानबाईला जावंच लागतं. रोट असतात, पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, आणि तो रोट भाऊबंदांनी एकत्र बसून खायचा असतो, बाहेरच्याला देत नाहीत. रात्री जागरण, सोमवारी वाजत गाजत विसर्जन. सुरतला, उधन्याला जी आपली माणसं लूमवर कामाला आहेत ती गाड्या भरून येतात, उभ्यानं येतात पण येतात. माझं गाव धरणगाव तालुक्यात आहे, जळगावहून पस्तीस किलोमीटर. माझे काका सुरतहून शनिवारीच आले होते. मी आठ दिवस आधी टीएलला सांगून ठेवलं होतं, तो हो म्हणाला होता, पण सुट्टी मागणारे नऊ जण निघाले, सगळे इथलेच ना, सगळ्यांच्या घरी कानबाई. शेवटी वरून मेसेज आला की कोणालाच सुट्टी नाही.

त्या दिवशी माझ्याकडे ६१ पार्सल होते. दुपारपासून आईचे फोन. पहिला बाराला, मग दोनला, मग चारला. चारचा फोन मी रिंग रोडवर उभा राहून घेतला, एका हातात ओटीपी टाकायचा मोबाईल, दुसऱ्या हातात साडीचं पार्सल. आई म्हणाली, "कव्हय येशी रे भाऊ, समदा ई ग्यात." (कधी येशील रे भाऊ, सगळे येऊन गेले.) मी म्हटलं निघालोच. निघालो कुठं, अजून २३ बाकी होते. कॅश जमा करून हबवरून सुटलो तेव्हा आठ वाजले होते, पाऊस होता, गावात पोचलो तेव्हा पंगत उठून गेली होती. आईनं माझ्या वाटणीचा रोट झाकून ठेवला होता आणि स्वतः जेवली नव्हती. सुरतवाला काका तीनशे किलोमीटरवरून वेळेवर आला आणि पस्तीस किलोमीटरवरचा मी नाही, हे कोणी तोंडावर बोललं नाही, पण मला ते अजून टोचतं.

आणि पार्सल काय होते माहितीये का? मी काही उघडून बघत नाही पण पाकिटावरून, लेबलवरून कळतं. मोबाईलचे कव्हर, मिक्सरचं भांडं, पडद्याचा रॉड, लहान मुलांचे बूट, साड्या, पिशव्या. औषधाचं एकच होतं, ते मी सगळ्यात आधी दिलं. एका मॅडमनी दार उघडून मला पाहिलं आणि म्हणाल्या अरे आज कानबाई आहे ना, तू आज पण कामावर? मला काय घाई नव्हती रे, मंगळवारी आणलं असतं तरी चाललं असतं. त्या मनापासून बोलल्या, मला माहितीये. पण मंगळवारी चालेल असं त्यांना विचारलंच कोणी? ऑर्डर करताना त्यांच्या मोबाईलवर आपोआप रविवार ही तारीख आली. कस्टमरनं मागितलं नाही, आम्ही मागितलं नाही, तरी रविवार चालू झाला.

मे महिन्याचं वेगळं लिहायला हवं पण थोडक्यात लिहितो. जळगाव-भुसावळचं ऊन महाराष्ट्राला माहिती आहे, पारा ४५ च्या वर जातो, पेपरात तुम्हीच छापता की दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका. सहा दिवस त्या उन्हात फिरल्यावर सातव्या दिवशी शरीर सावलीत पडलं पाहिजे, नुसतं पडलं पाहिजे, बाकी काही नको. त्या मे महिन्यात आमच्यातला एक जण सलग २३ दिवस कामावर होता. चोविसाव्या दिवशी हायवेवर खोटेनगरच्या पुढं भर दुपारी त्याला गाडीवर झापड आली आणि डिव्हायडरला धडकला. पायाचं हाड मोडलं. मागून ट्रक येत नव्हता म्हणून वाचला, नाहीतर त्या हायवेवर काय होतं ते जळगावकरांना सांगायची गरज नाही. हबवर सगळ्यांनी वर्गणी काढली. वरून विचारणा झाली ती एवढीच की त्याच्या बॅगेतले पार्सल सेफ आहेत का.

माझे आजोबा खान्देश मिलमध्ये कामाला होते. जिथं आता खान्देश सेंट्रल उभं आहे तिथं. ते सांगायचे की मिलमध्ये मशीनचा आवाज इतका की रात्री झोपेतही कानात घुमायचा, कापसाची धूळ छातीत जायची, सगळं खरं, पण आठवड्याची सुट्टी ही सुट्टी होती, त्या दिवशी भोंगा वाजला तरी तो आपल्यासाठी नाही हे माहीत असायचं. ती सुट्टी पण कोणी फुकट दिलेली नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्याच्यासाठी सभा घेतल्या, अर्ज केले, हजारो कामगारांच्या सह्या गोळा केल्या आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो मागितला असंही सांगतात. मला एवढंच कळत नाही की आजोबाला जी गोष्ट मिळत होती ती नातवाला का मिळू नये, नातू तर आजोबापेक्षा जास्त शिकलाय, बीकॉम झालाय.

कायदा नाही असं पण नाही. आपल्या महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे, त्याच्यानं दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवायची मोकळीक दिली, आणि त्याच कायद्यात लिहिलं की कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायचीच, सलग २४ तासांची. म्हणजे दुकान सातही दिवस चालू आणि माणूस सहा दिवस, असं ते सरळ गणित आहे. कंपन्यांनी पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं सोडून दिलं. कारण आम्ही कामगार नाही, पार्टनर आहोत. आणि गावोगावचे हब फ्रँचायझीवाल्यांकडे असतात, त्या कायद्याच्या बहुतेक अटी मूळ दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांना लागू होत्या, २०२५ मध्ये ती मर्यादा वीसवर नेली, तर कागदावर माणसं त्याच्या आत दाखवली की झालं.

केंद्राचा सामाजिक सुरक्षेचा कायदा २०२० चा आहे, त्याच्यात पहिल्यांदा आमच्यासारख्यांची नोंद झाली, गिग कामगार, प्लॅटफॉर्म कामगार असे शब्द आले, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम आमच्यासाठीच्या निधीत टाकायची असं लिहिलं. चांगलं आहे. अपघात, आजारपण, म्हातारपण याचा त्याच्यात विचार आहे. पण आठवड्याची सुट्टी त्याच्यात नाही. म्हणजे पाय मोडल्यावर काय मिळेल ते लिहिलंय, पाय मोडू नये म्हणून एक दिवस झोपू द्या हे लिहिलेलं नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ सालचे असे कामगार ७७ लाख सांगितलेत आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज दिलाय. एवढ्या लोकांचा वार कोण ठरवणार?

मी रविवारी काम बंद करा म्हणत नाही, हे परत सांगतो कारण आमच्यातलीच काही पोरं म्हणतात की बंद झालं तर आहे ते पण जाईल. दवाखान्यातली सिस्टर रविवारी ड्युटीला असते, एसटीचा ड्रायव्हर रविवारी स्टेअरिंगवर असतो, तुमचा पेपर टाकणारी पोरं तर रविवारीही पाचला उठतात. पण सिस्टरची आणि ड्रायव्हरची वीकली ऑफ ठरलेली असते, कोणाची मंगळवारी, कोणाची गुरुवारी. आमचंही तसंच करा. आम्ही चौदा जण आहोत, आठवड्याचे वार सात, म्हणजे रोज दोघांना सुट्टी, बारा जण कामावर. हबवर रोज सरासरी ९९० पार्सल येतात, ते बारा जणांत वाटले तर एकाला ८२-८३ पडतात. सहा दिवसांचे तेवढेच ४९५ होतात. कंपनीचा एक रुपया जात नाही, माझा एक रुपया जात नाही, कस्टमरचं पार्सल एक दिवस उशीर होत नाही, आणि प्रत्येकाला एक दिवस भेटतो, वर पेट्रोलचे १४० वाचतात ते वेगळे. हे मी आणि एका मित्रानं हबच्या मागं बसून पार्सलच्या खोक्यावर पेनानं मांडलं आणि तीन वेळा तपासलं.

टीएलची एक अडचण आहे, ती खोटी नाही. तो म्हणतो रूट ज्याचा त्यालाच माहीत असतो, गल्ल्या, घरं, कुठल्या सोसायटीत कुत्रं आहे, कोण दुपारी झोपतं, दुसरा पोरगा गेला तर निम्मे परत आणेल. पहिले दोन तीन आठवडे आणेल, मान्य. पण शेजारचे दोन रूट दोघांनी जोडीनं शिकून घेतले तर महिन्यात सवय होते. ज्याचा पाय मोडला त्याचा रूट आम्ही तिघांनी मिळून अडीच महिने चालवलाच ना, तेव्हा कुठं अडलं. सणाच्या दिवशी सगळ्यांनाच सुट्टी पाहिजे असते हा पण खरा प्रश्न आहे, कानबाईचं मी वर लिहिलंच, तर त्या एका रविवारी हब बंद ठेवा, खान्देशात वर्षातून एक रविवार, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निम्मे-निम्मे करू, आम्ही आपसात ठरवून देतो, भांडण होणार नाही याची हमी घेतो.

सहायक कामगार आयुक्त साहेबांना विनंती आहे की एकदा कुठल्याही रविवारी दुपारी जिल्ह्यातल्या कुठल्याही चार हबवर जाऊन उभं राहावं आणि पोरांना बाजूला घेऊन विचारावं की तुझी शेवटची सुट्टी कधी होती. बहुतेकांना तारीख आठवणार नाही. आणि वाचकांना एवढंच म्हणणं आहे की ज्या ॲपवर तारीख निवडता येते तिथं वस्तू घाईची नसेल तर रविवार सोडून दुसरा दिवस टाका, ऑफिसच्या पत्त्यावर तर नक्कीच टाका, आणि कस्टमर केअरला एखादा मेसेज केला की मला रविवारी नको होतं, तर तो आमच्या शंभर मेसेजपेक्षा जास्त वाचला जातो.

साहेब, पत्र छापणार असाल तर जमलं तर शनिवारच्या अंकात छापा. आमच्या हबसमोरच्या टपरीवर तुमचा पेपर येतो, टीएल तिथंच चहा पिताना वाचतो. रविवारी सकाळी गाडीतून लोड उतरायच्या आधी आम्ही चौदाही जण तो खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्याच्यासमोर जाणार आहोत, आणि हे बारा आणि दोनचं गणित त्याला वर पाठवायला सांगणार आहोत. ज्याचा पाय मोडला होता तोही येणार आहे, आता चालतो.

आपला,
एक डिलिव्हरी कामगार, जळगाव
(कृपया नाव छापू नये)